कोसमटोल्याचा चौथा ट्रक

१

पोचूचा ट्रक नाल्यात कुशीवर पडला होता. अकरा दिवस झाले तरी तो कुणी वर काढला नव्हता. सागाचे ओंडके वाळूत आणि गुडघाभर पाण्यात विखुरले होते. उतरताना माझा पाय घसरला, एका दगडावर हात टेकला, तेव्हा दिसलं की त्या दगडावर कुणीतरी तांदळाचे चार दाणे ठेवून गेलं आहे.

१९५७ सालचा जानेवारी. मी नीळकंठ पाठराबे, ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्याचा तपासनीस. ‘वनराज’ हे आमचं नवं डिझेल मॉडेल बाजारात येऊन सहा महिने झाले होते. आलापल्लीच्या जंगलातल्या कोसमटोला या लाकूड-डेपोनं त्यातले चार ट्रक घेतले होते. डिसेंबरात एकाचं इंजिन जाम झालं. पंधरा दिवसांनी दुसऱ्याचं. तिसरं जाम झालं ते या उतारावर, भरल्या गाडीसकट. ड्रायव्हर पोचू आत्राम आणि ओंडक्यांवर बसलेला हमाल झिंगू, दोघंही जागीच गेले.

निघताना आमचे मोठे साहेब म्हणाले होते, “पाठराबे, गाडीत दोष नाही, एवढं लिहून आणा.” नव्या इंजिनाच्या चाचणीवर तिघांच्या सह्या होत्या. त्यातली एक माझी.

मी इंजिनाचं कडेचं झाकण उघडलं. आतल्या दांड्यानं वरच्या अंगाला लोखंड फोडून भोक पाडलं होतं. बेअरिंगं निळी पडून वितळली होती. तेलाविना फिरलेल्या इंजिनाची हीच खूण. तेल संपलं, ड्रायव्हरनं बघितलं नाही, माणसं मेली, असं लिहून मी मोकळा झालो असतो. पण उन्हानं तापलेल्या तेलाच्या चेंबरमध्ये हात घातला आणि तो मनगटापर्यंत तेलात बुडाला.

तेल भरपूर होतं. तरीही ते बेअरिंगांपर्यंत पोहोचलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या रस्त्यानं एक वनराज गेला. ओंडक्यांनी भरलेला, इंजिनाचा आवाज एकसारखा, निकोप. चारातला उरलेला तोच. ड्रायव्हरनं खाली नाल्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२

“तो इसरू,” डेपोचे मॅनेजर गुणवंतराव म्हणाले. “त्याचीच गाडी तेवढी धड आहे. याचा अर्थ तुम्हीच लावा.”

गुणवंतराव नागपूरकडचे. वर्षभरापूर्वी इथे आले होते. नव्या गाड्या त्यांच्याच आग्रहानं आल्या होत्या, आणि त्या बंद पडल्याचा राग त्यांच्या बोलण्यात पदोपदी जाणवत होता.

“तुमचा अर्थ काय?”

“पोचू आणि इसरू यांचं आदल्याच दिवशी भांडण झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं. परवा गडचिरोलीहून फौजदार येताहेत. इसरूला त्यांच्या ताब्यात देणार आहे मी.” त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “आणि पोचू प्यालेला होता. तेही लिहिलंय.”

“कुणी पाहिलं?”

“बापूजींनी. नाल्यापाशी सगळ्यात आधी तेच पोहोचले.”

बापूजी म्हणजे डेपोचे स्टोअरकीपर. सावली गावचे राहणारे, एकतीस वर्षं याच जंगलात काढलेले. मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते. ते कोपऱ्यात उभेच होते. माझ्यासाठी त्यांनी स्वतः चहा आणला होता आणि कपाखालची बशी पंच्याच्या टोकानं पुसून दिली होती.

“तुम्हाला दारूचा वास आला, बापूजी?”

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. “मोहाचा वास येत होता, साहेब. त्याच्या अंगाले.”

“ऐकलंत?” गुणवंतराव म्हणाले. “आता या भागात मोहाचा वास म्हणजे दुसरं काय असणार?”

“पण दारू ड्रायव्हरच्या पोटात जाते,” मी म्हणालो. “इंजिनाच्या नाही. इंजिन का जाम झालं?”

बापूजी रिकामा कप उचलून निघून गेले.

३

लटारू मिस्त्री गॅरेजमध्ये जुन्या पेट्रोल ट्रकखाली पाठीवर पडलेला होता. मला पाहूनही बाहेर आला नाही. तिथूनच बोलला.

“ही गाडी जंगलाची नाई, साहेब. पयल्याच दिवशी सांगतलो होतो. पन आमाले कोन इचारते?”

“तुम्ही म्हणाला होतात म्हणे, या गाड्या जाळून टाकल्या पाहिजेत.”

“हव, म्हटलो. म्हननारा जाळत नाई.” तो सरपटत बाहेर आला. पन्नाशीचा, काटक माणूस. “मले काढून टाकाचं असन त काढा. पन त्या पोराइच्या गाडीले म्या हात नाई लावला.”

आधीची दोन इंजिनं त्यानंच उघडली होती. तिथेही तसंच होतं. बेअरिंगं जळालेली, चेंबर भरलेलं.

“तेलाचा फिल्टर पाहिलात?”

“पाह्यलो. साफ होता. तेल पान्यावानी वाहून आलं.”

“किती वाजता उघडलं होतं?”

त्याला हा प्रश्न विचित्र वाटला. “गाडी सकाळी बंद पडली. ओढून आनता आनता दुपार झाली. मंग जेवून उघडलो. तिसऱ्या पाराले असन.”

“आणि तिन्ही गाड्या सकाळीच बंद पडल्या?”

“हव. निघाल्यापासून घंट्याच्या आत.” त्यानं डोकं खाजवलं. “थंडी बी अशी होती त्या तिनई दिवशी, का पाना धरला त हाताले चिकटे.”

जुन्या ट्रकांचं तेल वेगळं, पातळ; ते डब्यांतून येई. नव्या डिझेल गाड्यांचं तेल मोठ्या पिंपातून. ते पिंप गोदामात असे, आणि किल्ली बापूजींकडे. मी त्या पिंपातून एक बाटली भरून घेतली आणि प्रकाशात धरून पाहिली. तेल सोनेरी होतं, स्वच्छ. बोटांना गुळगुळीत. पाणी नाही, वाळू नाही, साखर नाही. मी निराश झालो.

गोदामाला वळसा घालून परत येताना मागच्या बाजूला जमिनीवर मुरुमाचा एक ताजा थर दिसला. खाटेएवढा. बुटाच्या टोकानं मी मुरूम उकरला. खालची माती काळी आणि चिकट होती.

“पावसानं खड्डा पडला होता,” मागून आवाज आला. बापूजी उभे होते. “म्याच भरला.”

मी मान हलवली. पाऊस थांबून तीन महिने होऊन गेले होते. मुरूम मात्र अजून लालभडक होता.

४

दुसऱ्या दिवशी उजाडताना जाग आली ती थंडीनंच. विश्रामगृहाच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायची मोकळी जागा दिसत होती. चौथ्या ट्रकखाली आग होती.

मी घोंगडी टाकून तसाच धावलो. एक माणूस उकिडवा बसून पत्र्याच्या घमेल्यातले निखारे इंजिनाखाली सरकवत होता. मी त्याचा खांदा धरला.

“काय करतोस?”

तो दचकला नाही. “शेक देऊन राह्यलो, साहेब.” इसरूच होता. चाळिशीचा, कानशिलाजवळ भाजल्याचा जुना व्रण असलेला. “लडाईत होतो, तिकडं आसामच्या डोंगरात. तिथी रोज सकाळी असंच करत होतो. डिझेल गाडी थंडीत जनावरावानी आखडते. बाकी काई नाई.”

“रोज करतोस?”

“थंडी असली का रोज.”

“मग पोचूशी भांडण कशावरून झालं?”

इसरू निखाऱ्यांकडे पाहत राहिला. “याच्यावरूनच. दोन गाड्या बसल्या, तवा म्या त्याले म्हटलो, तू बी शेक दे. तो म्हने, गुणवंतरावनं गाडीखाली आग पाह्यली त कामावरून काढन. मी सगळ्याइच्या आधी उठतो, कोनाले दिसत नाई. त्याले त्याच्या गावाहून, कोवेटोल्यावरून चालत यावं लागे, येता येता उजाडे. म्या त्याले भित्रा म्हटलो. चार लोकाइसमोर.” त्यानं घमेलं आणखी आत सरकवलं. “भेव त मले बी होता, साहेब. म्हनूनच त लपून करत होतो.”

“हे गुणवंतरावांना का नाही सांगितलंस?”

“सांगून काय? म्हनतीन, याले कसं मालूम गाडी बसनार हाय?”

तो खरं बोलत होता असं मला वाटलं. पण शेक दिल्यानं इंजिन का वाचावं, हे मात्र उलगडत नव्हतं. चांगलं तेल त्या थंडीत जरा दाट होतं, पण बेअरिंगांपर्यंत पोहोचत नाही असं होत नाही.

मी विश्रामगृहाच्या पायऱ्या चढलो. काल भरलेली बाटली मी ओसरीच्या कठड्यावर विसरलो होतो. ती उचलली आणि सवयीनं तिरकी केली.

आतलं काहीच हललं नाही. सोनेरी तेलाच्या जागी पिवळट पांढरा गोळा थिजून बसला होता.

५

ते काय आहे हे मला कळेना. मी शहरात वाढलेला माणूस. पण पोचूच्या अंगाला आलेला तो वास माझ्या डोक्यातून जात नव्हता. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मी कोवेटोल्याला चालत निघालो. तीन मैलांची पायवाट, सगळी झाडीतून.

गावात शिरताना पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई मोहाची वाळलेली पानं गोळा करत होती. मी पोचूचं घर विचारलं.

“त्या बेवड्याच्या घरी चालले का?” ती म्हणाली. “माह्या माणसाले खाल्लं त्यानं. ते पहा, बाजूचंच.” आणि आत जाऊन तिनं दाराची बांबूची ताटी लावून घेतली. ती झिंगूची बायको, रुखमा.

पोचूची बायको सोमारी दाराशी बसून होती. पंचविशीची असेल. मी कोण ते सांगितलं. तिनं खाट टाकली, पाणी दिलं.

“पोचू दारू घेत होता का, बाई?”

“सनाले घे. सगळेच घेतात. गाडीवर जाताना नाई. त्या दिवशी आंबील पिऊन गेला.” तिनं शेजारच्या ताटीकडे पाहिलं. “पन माहं कोन आयकते? साहेबानं कागदावर लिवलं.”

मी बाटली पुढे केली. तिनं बूच काढलं, वास घेतला, करंगळीनं जरासा गोळा काढून तळव्यावर चोळला. तळव्याच्या उबेनं तो लगेच वितळला.

“हे त टोरीचं तेल आहे. टोरी म्हंजे मोहाची बी. पन यात आखीन काई मिसळलं आहे. घाण वास येते.”

“नक्की?”

“लहानपनापासून हेच तर दिव्यात जाळून राह्यलो, साहेब. थंडीत असंच थिजते.” ती मग एकदम उभी राहिली. आत जाऊन तिनं पोचूचा सदरा आणला. धुतलेला नव्हता. छातीवर पसरट डाग होता आणि तिथलं कापड पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं.

“हे बी तेच. मले त्याच दिवशी वास आला. म्या सांगतलं, हे तेल आहे, दारू नाई. त म्हनले, बाईमाणूस हाय, रडून राह्यली, बोलू द्या.”

दारू उडून जाते, तिचा असा डाग पडत नाही. इंजिन फुटलं तेव्हा उकळतं तेल त्याच्या छातीवर उडालं होतं. मी तो कडक सदरा हातात धरून बसलो, आणि बापूजींचं एक वाक्य मला शब्दाशब्दानं आठवलं. ते दारू म्हणाले नव्हते. ‘मोहाचा वास’ म्हणाले होते.

६

गोदामात बापूजी एकटेच होते. मी बाटली त्यांच्या मेजावर ठेवली. उन्हानं ती पुन्हा सोनेरी झाली होती.

“सकाळी ही थिजली होती,” मी म्हणालो. “म्हणून लटारूला कधी काही दिसलं नाही. तो दुपारी इंजिन उघडायचा, तोवर सगळं वितळलेलं असायचं. कडक थंडीच्या सकाळी टोरीचं तेल फिल्टरमध्ये थिजत होतं. चेंबर भरलेलं, पण पुढे थेंब जात नव्हता. इसरू खालून शेक देई, म्हणून त्याची गाडी वाचली.”

बापूजींनी बाटली उचलली आणि परत मेजावर ठेवली.

“पिंपाची किल्ली तुमच्याकडे. पण लटारूही तेल काढतो, म्हणून तेवढ्यावर मी तुमचं नाव घेतलं नसतं. मागच्या बाजूला सांडलेल्या तेलावर तुम्ही मुरूम टाकलात, आणि पावसाचं कारण सांगितलंत. तरीही मी म्हटलं असतं, म्हातारा माणूस घाबरला असेल. पण बापूजी, त्या नाल्यात डिझेल सांडलेलं, रबर जळत असलेलं, इंजिन फुटलेलं. तिथे पोहोचल्या पोहोचल्या तुम्हाला वास आला तो मोहाचा. त्या गाडीच्या पोटात मोहाचं काही आहे, हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यालाच तो ओळखता आला असता.”

बापूजी हळूहळू पोत्यावर बसले.

“दिवाळीनंतर पिंप उतरवताना माह्या हातून सुटलं,” ते म्हणाले. “अर्धं तेल मातीत गेलं. नवं पिंप उन्हाळ्याशिवाय येत नाही. गुणवंतराव त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाले होते, या म्हाताऱ्याच्या हातून आता काही होत नाही. एकतीस वर्षं, साहेब. मार्चपर्यंत फक्त निभवायचं होतं. गोदामात टोरीच्या तेलाचे डबे पडून होते. म्या भर घातली.”

“पहिलं इंजिन बसलं तेव्हाच कळलं असेल.”

“नाही कळलं. देवाशपथ नाही. दुसरं बसलं तवा शंका आली. तोंड उघडायचं धाडस नाही झालं. आन मंग पोचू... मी धावत गेलो. त्याच्या छातीवर तेल होतं. वास आला आन मले समजलं, का हे म्या केलं. म्या ‘मोहाचा वास’ एवढंच बोललो. गुणवंतरावांनी त्याची दारू केली. मी त्याईले अडवलं नाही.”

बाहेर कुणीतरी ओंडके मोजत होतं, त्याचे आकडे ऐकू येत होते. बापूजींनी वर पाहिलं.

“एक सांगा, साहेब. लडाईत तेल मिळत नव्हतं, तवा जुन्या ट्रकांत म्या हेच तेल मिसळत होतो. दोन हिवाळे. एकही गाडी बसली नाही. मंग हीच काऊन बसली?”

याचं उत्तर त्या सबंध जिल्ह्यात फक्त मला ठाऊक होतं. जुन्या इंजिनांत तेलाला एक आडवाट ठेवलेली असे. फिल्टर तुंबला तर बाजूची झडप उघडे आणि तेल गाळलं न जाता का होईना, बेअरिंगांपर्यंत पोहोचे. वनराजमध्ये ती झडप काढून टाकली होती. चाचणीच्या वेळी मी हे बोललो होतो. फिल्टर तुंबेलच कशानं, असं मला विचारलं गेलं, आणि मी सही केली.

मी हे बापूजींना सांगितलं. ते ऐकून त्यांना हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली.

“म्हंजे दोघं होतो,” ते म्हणाले.

७

फौजदार आले तेव्हा बापूजींनी आपण होऊन सगळं सांगितलं आणि त्यांच्याबरोबर गडचिरोलीच्या एस.टी.त बसले. इसरूला कुणी हात लावला नाही. गुणवंतरावांनी आपला कागद फाडला, नवा लिहिला, आणि दिवसभर कचेरीबाहेर आले नाहीत.

माझा अहवाल दोन पानांचा झाला. तेलातली भेसळ, थंडी आणि काढून टाकलेली झडप, तिन्ही कारणं मी लिहिली. चाचणीच्या कागदावर सही करणाऱ्यांत मी होतो, हेही लिहिलं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, तो कारखान्याला पाठवला. तारेनं उत्तर आलं, झडपेबद्दलचा शेवटचा परिच्छेद काढून पुन्हा पाठवा. मी राजीनामा पाठवला. झडप नंतरच्या गाड्यांत बसवली की नाही, हे मला आजही माहीत नाही.

चांद्याला निघण्यापूर्वीच मी कोवेटोल्याला गेलो होतो. गावचे प्रमुख सुकलू यांनी लोकांना बोलावलं. मोहाच्या झाडाखाली पंधरावीस माणसं बसली. सोमारी एका बाजूला, रुखमा दुसऱ्या. मी अहवाल वाचला, आणि समजणार नाही तिथे सोप्या भाषेत सांगितलं. पोचू प्यालेला नव्हता. गाडी जाम झाली की ब्रेकही जड होतो. तरी त्यानं ब्रेक शेवटपर्यंत दाबून धरलेला होता. पेडल वाकलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गाडीतून उडी मारायला त्याला वेळ होता. त्यानं मारली नाही. ओंडक्यांवर झिंगू बसलेला होता.

मी कागदाची घडी घातली. या कागदानं कुणाचंही माणूस परत येणार नव्हतं, आणि तिथल्या प्रत्येकाला ते माझ्याहून जास्त कळत होतं.

मग रुखमा उठली. सगळ्यांच्या मधून चालत सोमारीजवळ गेली आणि तिच्या शेजारी मातीत बसली.

“दोन आठवडे झाले, इच्या घरातून रडन्याचा आवाज नाई आला,” ती कुणाकडेही न पाहता म्हणाली. “मले वाटे, इले दुःखच नाई. आमच्या भेवानं रडली नाई बिचारी.” तिनं सोमारीच्या पाठीवर हात ठेवला. “आता रड, बाई. मी आहे इथी. रडून घे.”

सोमारीनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं.

मी उठलो आणि पायवाटेला लागलो. तो आवाज झाडीतून बराच लांबपर्यंत ऐकू येत होता. तो एकटीचा नव्हता.